टायटॅनियमच हवं?

"टायटॅनियम सगळ्यात मजबूत ना? मग तेच बसवा." डोळ्याच्या खोबणीचा तळ मोडलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाने ओपीडीत आज म्हटलेलं हे वाक्य डोक्यातून जाईना.

डोळ्याच्या खोबणीचा तळ मुळात पापुद्र्यासारखा, बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरहून पातळ. तिथे ताकदीपेक्षा आकार मोलाचा. खोबणीचं आकारमान 1 मिलिलिटरने वाढलं की डोळा साधारण 1 मिलिमीटर आत जातो. 2 मिलिमीटरच्या पुढे समोरच्यालाही दिसतं.

टायटॅनियमची जाळी हवी तशी वाकते, सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते. पण आत सरकवताना कापलेल्या कडा चरबीत अडकतात, आणि ऊती जाळीत रुजल्या की ती काढणं फार अवघड. सच्छिद्र पॉलिएथिलीनच्या (एक प्रकारचं प्लास्टिक) कडा सौम्य, छिद्रांत रक्तवाहिन्या शिरतात. मात्र साधी शीट सीटीत जेमतेम दिसते, त्यामुळे वाकडी बसली तरी पटकन कळत नाही. गुळगुळीत सिलिकॉनभोवती ऊतींचं नुसतं आवरण तयार होतं, त्यामुळे सिलिकॉन कित्येक वर्षांनीही सरकू शकतं.

खरी गफलत होते मागच्या टोकाला. इम्प्लांट, म्हणजे बसवलेली जाळी किंवा शीट, मागच्या शाबूत हाडाच्या कंगोऱ्यावर टेकलंच पाहिजे. आखूड पडलं तर मागून खालच्या सायनसमध्ये (गालाच्या हाडातल्या पोकळीत) कलतं, मग मटेरियल कुठलंही असो!

बसवल्यावर, टाके घालण्याआधी, चिमट्याने डोळा सगळ्या दिशांना फिरवून बघायचा. अडकला तर इम्प्लांटखाली चरबी किंवा स्नायू सापडलाय. काढून पुन्हा बसवायचं. ही तपासणी शस्त्रक्रियेच्या नोंदीत आपल्या सर्जनांपैकी किती जण न चुकता लिहितात?