मोरी काढायची होती

मार्चमधली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून एकदाची लिहून टाकते.

मी किचनं करते. लोकांच्या घरची. डिझाईन माझं, माणसं माझी, फॅक्टरी भिवंडीला एका ओळखीच्यांची. सतरा वर्षं झाली यात. नातेवाईकांना वाटतं मी दिवसभर सनमायकाचे रंग निवडत बसते, पण रंग हा शेवटचा अर्धा तास असतो हो, त्याआधीचा दीड महिना पाईप, उतार, ओल आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांच्यात जातो. टॉवरमधलं किचन सगळ्यात सोपं. रिकामा डबा, आठ बाय सात, भिंती बऱ्यापैकी सरळ, एल आकाराचा ओटा टाकला की झालं, फक्त वॉशिंग मशीन आणि झाडू-बादली कुठे जाणार ते आधी विचारून घ्यायचं, कारण ते बिल्डरही विसरतो आणि रील्स बघून आलेलं गिऱ्हाईकही. पार्ले-मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांत ओटा तीस इंच आणि दरवाजा नेमका भिंतीच्या मधोमध, त्यामुळे तो दरवाजा सरकतो की नाही यावर निम्मं डिझाईन ठरतं. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, तीनशे फुटांत किचन म्हणजे हॉलचाच एक कोपरा, तिथे आधी चिमणीचा डक्ट बाहेर कुठून काढायचा ते बघायचं, नाहीतर पोरांच्या दप्तरालाही फोडणीचा वास.

आणि चाळ. चाळीची जातच वेगळी. भिंत अठरा इंची, चुन्यातली, ड्रिल लावलं की भसाभस भुगा पडतो आणि स्क्रू आत नुसता फिरत बसतो. एक कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. पण उंची! अकरा-अकरा फुटांची खोली आजकाल कोण देतं, आणि मला ती उंची वापरायला भयंकर आवडते.

तर गिरगावात ठाकुरद्वारच्या मागच्या एका गल्लीत ही चाळ. तळमजला आणि वर तीन मजले, सागवानी खांब, लाकडी जिना. १९४० च्या आधीची, म्हणजे उपकरप्राप्त, दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींमधला ‘अ’ वर्ग. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, ताई, आम्ही बाथरूम केलंय वेगळं, आता ती मोरी कशाला हवी, ती काढा आणि मला छान किचन करून द्या, आणि मध्ये एक आयलंड.

आयलंड. खोली नऊ बाय अकरा. मी त्यांना खडूने जमिनीवर आखून दाखवलं, हा दोन फूट ओटा, हे तीन फूट उभं राहायला, हे तुमचं आयलंड, आणि हे पलीकडचे तीन फूट, हे गॅलरीत गेले. हसल्या बिचाऱ्या. मग नीट बोलणं झालं. त्यांची उंची चार फूट अकरा, आणि अर्धी मुंबई चौतीस इंचाचा ओटा डोळे मिटून बांधते. मी कोपर मोजते आणि तिथून चार इंच खाली येते, त्यांचा साडेबत्तीस आला. भांडी आहेत भरपूर, सासूबाईंची पितळेची घंगाळं-पातेली, मोदकपात्र, पुरणयंत्र, सगळं गणपती-दिवाळीलाच लागणारं. म्हणून मी कपाटांचे दोन थर केले, खालचा रोजचा, वरचा सणांचा, थेट छतापर्यंत, आणि शिडी अडकवायला मध्ये एक स्टीलचा दांडा. चुन्याची भिंत वजन धरत नाही म्हणून सगळी कपाटं उभ्या फ्रेमवर घेतली. ते डिझाईन अजूनही माझं आवडतं आहे, हे खरं.

माप घेताना मोरीच्या बरोब्बर वर, छताच्या कोपऱ्यात, दोन बाय दोनचं पांढरं पीव्हीसी पॅनेल दिसलं होतं. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, असंच, बरं दिसतं. मी म्हटलं बरं. टेपचं दुसरं टोक मिस्त्रीच्या हातात होतं आणि तो खालून ओरडत होता.

तोडायचा दिवस मंगळवार. मोरीचा कठडा गेला, शहाबादी निघाली, खाली चुन्याचा कोबा. जुनी लादी काढताना मी आधी बोटाच्या पेराने वाजवून बघते, सवय आहे, टणक असेल तर टक्क आवाज येतो, पोकळ असेल तर भद्द. इथे भद्द सुद्धा नाही, ओल्या कणकेवर मारल्यासारखं. गवंडी म्हणाला मॅडम, कोबा हाताने निघतोय. आणि खरंच हाताने निघत होता. खाली लादी, आणि लादीखाली तुळई. सागवानी तुळई म्हणजे आमच्या धंद्यात देव आहे, शंभर वर्षं काही होत नाही असं सगळे म्हणतात, मीही म्हणते गिऱ्हाइकांना. मी स्क्रू ड्रायव्हर लावला. भिंतीपासून चार फुटांवर लावला तर टोक बोथट होईल इतकी कडक. दोन फुटांवर थोडा रुतला. भिंतीशी, जिथे तुळईचं टोक भिंतीत बसतं, तिथे मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेर काढला तर टोकाला गाळणीतल्या चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी काळं, ओलं.

सगळे गप्प. मी पहिल्यांदा सगळ्यांना त्या कोपऱ्यातून लांब केलं आणि मग खाली गेले.

खाली आजी राहतात, एकट्या, ऐंशीच्या पुढच्या. दार उघडंच. मी म्हटलं आजी, तुमच्या स्वयंपाकघरात वर जरा बघायचंय. त्या काहीच विचारेनात. उठल्या, आत गेल्या आणि फडताळावर बोट दाखवलं. फडताळाच्या माथ्यावर अॅल्युमिनियमचं पातेलं, अर्धं भरलेलं, आणि वर छताला तपकिरी डाग, परातीएवढा, त्याच्या मधोमध थेंब लोंबत होता. पडला. टप्प.

“किती दिवस आजी?”

“अकरा वर्षं होतील. एरवी दिवसातून एकदा ओतते, पावसात दोनदा.”

तोवर वहिनी मागून आल्या होत्या, त्यांनी ते पातेलं बघितलं आणि एकदम भडकल्या. “अहो आजी, एका शब्दाने बोलला असतात तर! एवढी वर्षं आम्ही वरून पाणी ओततोय तुमच्या डोक्यावर!” आजी शांत. म्हणाल्या, “तुझी सासू होती तोवर तिला काय सांगू, ती माझी मैत्रीण. ती गेल्यावर तुला सांगितलं असतं तर तू मालकाला सांगितलं असतंस, मालकाने इंजिनिअर आणला असता, मग घर खाली करायची नोटीस. माझी नणंद गेली ना ट्रान्झिट कॅम्पात, दोन वर्षांत परत येऊ म्हणून. तिथेच वारली.”

यावर मी काय बोलणार, मी किचनवाली बाई. दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी येते, आणि या गल्ल्यांमधली माणसं ती दहावीच्या निकालासारखी बघतात, फक्त इथे नाव आलं नाही म्हणून पेढे. त्यामुळे ओल दिसली की लपवायची, रंग मारायचा, कॅलेंडर लावायचं.

संध्याकाळी माझ्या ओळखीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर आला. चांगला माणूस आहे, पण धंदा शिकलेला आहे. वरून बघितलं, खालून बघितलं, तुळईला हातोडीने ठोकलं, हात पुसले आणि विचारलं, “लिहून देऊ का तोंडी सांगू?”

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे, मी जमिनीकडे. तोंडी ठरलं.

तुळई बदलायची नाही, तिला आधार द्यायचा. खालून दोन जॅक, सडका भाग कापायचा, चांगल्या लाकडाला दोन्ही बाजूंनी पाच इंची लोखंडी सी-चॅनेल, आरपार बोल्ट, आणि भिंतीत खोबणी मोठी करून चॅनेलखाली काँक्रीटचा ठोकळा. रेड ऑक्साइडचे दोन हात. हे सगळं आजींच्या स्वयंपाकघरातून, त्यांच्या डोक्यावर. नऊ दिवस ते जॅक तिथे उभे होते आणि तिसऱ्या दिवशी मी गेले तर एका जॅकला कालनिर्णय लटकवलेलं आणि दुसऱ्याला हात पुसायचा पंचा. मालकाच्या मेहताजींना खर्चाचं विचारलं तर “शेठला विचारून सांगतो” म्हणाले, ते अजून विचारतच असतील. भाडं दोन आकडी, शेठ तरी कशाला खर्च करेल, हेही आहेच. शेवटी बहुतेक पैसे वहिनींनी दिले, आजींनी पाच हजार पाकिटात घालून आणून दिले आणि परत घेतले नाहीत, आणि उरलेल्यात माझं मार्जिन गेलं.

डिझाईनही बदललं. वहिनींना ग्रॅनाईट हवा होता, जेट ब्लॅक, पण वीस एमएम ग्रॅनाईटचा आठ फुटी ओटा म्हणजे ऐंशी किलो फक्त दगड, खाली कडप्प्याचे उभे पाय वेगळे. त्या तुळईवर माझा हात होईना. मग बारा एमएम सॉलिड सरफेस, म्हणजे कृत्रिम दगड, घेतला, वजन निम्म्याहून कमी. वहिनी अजून कुरकुरतात की गरम कुकर त्यावर टेकवता येत नाही, डाग पडतो. खरं आहे, पडतो.

पाण्याचं मात्र मी मनासारखं केलं. बाहेरचा पाईप त्याच कोपऱ्यात, म्हणून सिंकही तिथेच. सिंक पलीकडच्या भिंतीला नेलं असतं तर फुटाला पाव इंच उतार धरून आठ फुटांना दोन इंच, वर पाईपची जाडी, म्हणजे निम्मी खोली चार इंच उचलावी लागली असती. आणि सिंकखाली मी प्लायची तळफळी देत नाही म्हणजे नाही. शोरूमवाले देतात, वर ‘वॉटरप्रूफ’ म्हणून सांगतात, अरे बाबा ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय असला तरी रोज ठिबकणाऱ्या पाण्यात तो किती टिकणार, आणि मुख्य म्हणजे गळती झाकली जाते. माझ्या सिंकखाली उघडी लादी, मधे नहाणी ट्रॅपकडे उतार, अॅल्युमिनियमच्या फ्रेमचं दार. दार उघडलं की ओल डोळ्यांना दिसली पाहिजे. म्हणजे बघायला गेलं तर मी मोरी काढलीच नाही, दार लावून ठेवली. वॉटरप्रूफिंग झाल्यावर अठ्ठेचाळीस तास पाणी साठवलं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली, आणि आजी काठी टेकत एक जिना चढून रेघ बघायला आल्या, मग खाली जाऊन आपलं छत बघितलं. कोरडं.

किचन झकास झालं. फिकट हिरवे शटर, वरच्या थरात पितळ चमकतंय, शिडी दांड्यावर सरकते. आजींचं पातेलं अजून फडताळावरच आहे, रिकामं, मी विचारलं तर म्हणाल्या राहू दे, कुठे खायला मागतंय.

मी फोटो स्टेटसला टाकले. परवा त्याच चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून फोन आला, वहिनींच्या बरोब्बर वरचं बिऱ्हाड. “मॅडम, खालच्यांचं बघितलं, एक नंबर! आमचीही मोरी काढायचीये, तस्संच करून द्या.” मी सवयीने विचारलं, तुमच्या मोरीचं पाणी खाली कुठे उतरतं का, खालच्यांनी कधी काही सांगितलं का?

“छे हो. खालचे कधीच काही बोलले नाहीत.”

आणि फोन कानाला असतानाच ते पॅनेल आठवलं. दोन बाय दोन, पांढरं. असंच, बरं दिसतं. आजींवर भडकलेल्या वहिनी आठवल्या. म्हणजे दोन आठवडे मी त्या खोलीत, इंजिनिअर त्या खोलीत, सगळे वाकून जमिनीकडे बघत होतो आणि मान वर करून कोणी बघितलं नाही, मी तर बघूनही बरं म्हटलं होतं.

वहिनींना फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, कुकरचा डाग, शिडीचं चाक. मग मी सरळ विचारलं, वहिनी, त्या पॅनेलच्या मागे काय आहे?

“ताई, आता राहू द्या ना,” म्हणाल्या. “एवढं छान झालंय.”

रविवारी तिसऱ्या मजल्यावर जायचंय. तिकडची लादी वाजवून बघेन, ते ठीक आहे, पण पॅनेल उघडायचं तर त्याच्या पुढे आता माझंच कपाट उभं आहे, फ्रेमसकट, थेट छतापर्यंत, पितळेने भरलेलं.