आपल्याच शहरात, पण त्याच्या वेळेने

मुंबईत वाढलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी मुंबईत काय करावे हे सुचत नाही आणि शेवटी लोणावळा, अलिबाग किंवा जवळचा मॉल यांपैकी काहीतरी ठरते. माझा अनुभव वेगळा आहे. या शहरात गाणे ऐकण्याची, जुने काही पाहण्याची आणि घसा ओला करण्याची अशी ठिकाणे अजून शाबूत आहेत, जी पर्यटकांसाठी कोणी मांडलेली नाहीत. गिरणगावातल्या, कोकणातून आलेल्या, बेस्टमध्ये उभी हयात काढलेल्या माणसांनी ती आपल्यासाठीच मांडली आणि आपणच चालवली. त्यामुळे ती आपल्या सोयीने उघडत नाहीत. जे रात्री सुरू होते ते रात्रीच ऐकावे लागते आणि जे सकाळी संपते ते दुपारी मिळत नाही. ही एक अट मान्य केली, तर घरच्याच शहरात पाहुण्यासारखे हिंडता येते.

सुरुवात डबलबारी भजनापासून करते, कारण शास्त्रीय संगीताच्या मैफली, जॅझच्या रात्री आणि समुद्रकिनाऱ्यावरचे संगीत महोत्सव हे सगळे पाहूनही मुंबईतले सर्वांत रंगतदार गाणे कोणते, असे मला विचारले तर मी हेच नाव घेईन. सिंधुदुर्गातून गिरण्यांत कामाला आलेल्या चाकरमान्यांनी हा प्रकार मुंबईत रुजवला. रंगमंचावर दोन भजनी मंडळे समोरासमोर बसतात. प्रत्येकाचा एक बुवा, त्याच्यासमोर पेटी, शेजारी पखवाज, मागे झांजा घेतलेले कोरसवाले. एका बुवाने आपली बारी गायची आणि दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचे, असा हा सामना असतो. जाहिरातीच्या फलकावरही ‘जंगी सामना’ असेच छापलेले असते, आणि तीन बुवा असतील तर ‘तिरंगी’. नाट्यगृह बहुधा एखाद्या गावाच्या मुंबईकर मंडळाने भाड्याने घेतलेले असते आणि तिकिटांचे पैसे गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी जातात.

मला प्रथम नेले ते आमच्या कार्यालयातील कणकवलीकडच्या एका सहकाऱ्यांनी. त्यांनी आधीच बजावले होते, “मॅडम, काहीही झालं तरी बारीच्या शेवटचा गजर होईपर्यंत उठू नका.” पहिल्या बुवांनी देवाच्या रूपाचा अभंग संथपणे घेतला, नंतर गवळण झाली आणि मग जाता जाता त्यांनी समोरच्या बुवांना कोडे घातले: कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले, ते कोणाच्या शापाने? दुसऱ्या बुवांनी उत्तर लगेच दिले नाही. त्यांनी पेटीचा भाता सोडला, रुमालाने कपाळ टिपले आणि सभागृहाला हसत हसत सांगितले की, समोरच्या बुवांना परशुराम आठवला असेल, पण ज्या ब्राह्मणाची गाय कर्णाच्या बाणाने मेली तो त्यांच्या पोथीतून वगळला गेलेला दिसतो. मग तोच किस्सा त्यांनी चालीत बांधून गायला. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. त्यानंतरचा गजर म्हणजे वेगळेच प्रकरण होते: पखवाज द्रुत लयीत शिरला, झांजा उभ्या राहिलेल्या माणसांच्या डोक्यावर वाजू लागल्या, कोरसचा आवाज छताला भिडला आणि बुवा त्या गदारोळावरून सहज तान फेकत राहिले. भजन म्हणजे डोळे मिटून ऐकण्याची गोष्ट असा ज्यांचा समज आहे, त्यांनी एकदा तरी ही बारी ऐकावी.

याच गिरणगावात रत्नागिरीकडचे, शक्ती आणि तुरा या दोन शाहिरी पक्षांचे सामनेही होतात. शाहीर ढोलकीवर गातात आणि पायांत चाळ बांधलेले गडी भोवती रिंगण धरून नाचतात. तोही प्रकार मला आवडतो, मात्र शाहिरांच्या शब्दांपर्यंत पोहोचायला कान तयार व्हावा लागतो. शंभरी ओलांडलेले परळचे दामोदर नाट्यगृह नव्या बांधकामासाठी बंद झाल्यापासून या मंडळींची फार ओढाताण झाली आहे. तरीही लालबाग-परळच्या रस्त्यांवरचे फलक नीट वाचत गेले, तर कुठे ना कुठे सामना सापडतोच. शेवटची लोकल चुकण्याची तयारी मात्र ठेवावी लागते.

संग्रहालय म्हटले की लोक काळा घोड्याकडे वळतात. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले भाऊ दाजी लाड संग्रहालय त्या मानाने कमी गर्दीचे. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजींचे नाव मिळाले. त्याच्या आवारात घारापुरीचा तो दगडी हत्ती उभा आहे, जो इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात तुटला आणि म्हणून इथे राहिला. हत्तीसाठी तरी जावेच, फक्त बुधवारी राणीची बाग बंद असते हे लक्षात ठेवावे.

माझ्या आवडीचे संग्रहालय मात्र आणिक आगारात आहे. बेस्टचे हे संग्रहालय बसगाड्यांच्या दुरुस्तीच्या आवाजात, आगाराच्या इमारतीतच वर आहे, आणि तिथे जाणारा माणूस वाट चुकलेला प्रवासी असावा अशाच नजरेने पहारेकरी आधी पाहतो. आत ट्रामच्या प्रतिकृती, जुनी तिकिटे, तिकीट देण्याची यंत्रे आणि छायाचित्रे आहेत. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी धावू लागली. कुलाबा ते पायधुणी हे भाडे तीन आणे होते आणि गंमत म्हणजे सुरुवातीला तिकीटच दिले जात नसे. भाडे दोन आण्यांवर आल्यानंतर फुकट्या प्रवाशांना आळा घालण्यासाठी तिकिटे निघाली. विजेची ट्राम १९०७ मध्ये आली, १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुटली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. या तारखा पुस्तकांतही मिळतात. तिथे जाऊन पाहावी ती वाहकाची पत्र्याची तिकीटपेटी. तिच्या एकेका खणात एकेका दराच्या तिकिटांचे गठ्ठे उभे लावलेले असत, ते पिळदार रबराने दाबलेले, आणि पेटीच्या कडेवर चिमटा आपटून वाहक टिकटिक करत गर्दीतून पुढे सरके. माझ्या वयाच्या कोणाही मुंबईकराचा हात तो आवाज आठवताच खिशाकडे जाईल. हल्ली वाहकाच्या हातात यंत्र असते आणि पुष्कळ गाड्यांत वाहकच नसतो. जाण्यापूर्वी संग्रहालय त्या दिवशी उघडे आहे ना, हे विचारून घेतलेले बरे.

आता पेयांविषयी. इथे सकाळपासून सुरुवात करावी लागते, कारण नीरा ऊन चढले की संपते आणि संपली पाहिजेच. शिंदी किंवा ताडाच्या झाडाला संध्याकाळी मडके बांधतात, आंबू नये म्हणून त्याला आतून चुना फासतात आणि सूर्य उगवण्यापूर्वी उतरवलेला रस थंड ठेवून शहरात पाठवतात. उष्णता मिळाली की हाच रस आंबू लागतो आणि त्याची ताडी होते. म्हणजे नीरा आणि ताडी यांच्यात फरक आहे तो काही तासांचाच. ज्यांना पहिल्या घोटाला तिचा वास नकोसा वाटतो, त्यांनी दुसरा घोट घेऊन पाहावा. दुपारी रसवंतीगृहात बसावे, जिथे चरकाला बांधलेले घुंगरू गिऱ्हाईक आल्याबरोबर वाजू लागतात. आले-लिंबू घातलेला आणि बर्फ न घातलेला रस मागितला, तर मालकाच्या चेहऱ्यावर थोडा आदर उमटतो. इराण्याकडे गेलात तर पालनजींची लालभडक रासबेरी मागवावी. ही कंपनी १८६५ पासूनची आहे आणि रासबेरीची चव बालपण इथे गेले नसेल तर खोकल्याच्या औषधासारखी वाटते, असे माझ्या पुणेकर जावेचे म्हणणे आहे. मी तिच्याशी वाद घालत नाही.

वाद आहे तो पियूषवरून. दादर आणि गिरगावच्या मराठी उपाहारगृहांत ते मिळते, त्याला वेळेचे बंधन नाही आणि म्हणून आमच्या घरी कोणत्याही भटकंतीचा शेवट तिथेच होतो. श्रीखंड, ताक, केशर, जायफळ एवढीच सामग्री. पण ते पेल्याने प्यावे इतके पातळ असावे असे मी म्हणते आणि चमचा उभा राहावा इतके घट्ट असावे असे आमचे ‘हे’ म्हणतात. त्यामुळे आम्ही प्रत्येक ठिकाणी एकच पेला मागवून आधी परीक्षा घेतो, आणि ज्याचे म्हणणे खरे ठरेल त्याने दुसऱ्या पेल्याचे पैसे द्यायचे.