श्रमशक्तीत कोण मोडतं?

बेरोजगारीचा दर काढताना भागाकारात खाली सगळी लोकसंख्या नसते. तिथे श्रमशक्ती असते, म्हणजे काम करणारे आणि काम नसलेले पण शोधणारे किंवा मिळालं तर करायला तयार असलेले. पूर्णवेळ विद्यार्थी, पेन्शनर, फक्त स्वतःचं घर सांभाळणाऱ्या बायका या हिशेबाबाहेर राहतात. ते बेरोजगारही नसतात.

आपल्याकडे हे मोजमाप 2017 पासून पीएलएफएस (पीरियॉडिक लेबर फोर्स सर्व्हे) या सरकारी सर्वेक्षणातून होतं. त्याची वार्षिक पद्धत दोन पायऱ्यांची आहे. समजा, एका मजुराने 5 महिने ऊसतोड केली, 4 महिने काम शोधलं आणि 3 महिने कामाकडे पाहिलंच नाही. पहिली पायरी: 9 महिने कामात किंवा शोधात, म्हणून तो श्रमशक्तीत. दुसरी पायरी: त्या 9 पैकी काम जास्त, म्हणून रोजगारात. अर्ध्या वर्षाहून कमी काम असूनही! शिवाय दुय्यम कामाचा नियम आहे. 10 महिने घर सांभाळून 2 महिने कापूस वेचायला जाणारी बाई मुख्य स्थितीने, म्हणजे वर्षातला जास्त वेळ पाहता, बाहेर असते. पण 30 दिवस किंवा त्याहून जास्त काम झालं, की दुय्यम स्थितीने आत येते.

साप्ताहिक पद्धतीत गेल्या 7 दिवसांत एखाद्या दिवशी 1 तास जरी काम केलं, तरी माणूस रोजगारात धरतात. तरीही तिथे बेरोजगारी जास्त दिसते, कारण वर्षभराच्या हिशेबात झाकले जाणारे रिकामे आठवडे इथे उघडे पडतात. 2023-24 मध्ये 15 वर्षांवरील लोकांचा दर वार्षिक पद्धतीने 3.2 टक्के, साप्ताहिक पद्धतीने 4.9 टक्के होता. 2025 पासून येणारे मासिक आकडे साप्ताहिक पद्धतीचे आहेत. ते 3.2 शेजारी ठेवून ‘बेरोजगारी वाढली’ म्हणणं चूक आहे.

खरी गफलत बायकांच्या कामात होते. घरच्या शेतात बिनपगारी राबणारी रोजगारात मोजली जाते. घरापुरतं दूध काढणंही काम धरतात, कारण ते प्राथमिक उत्पादन. पण त्याच घरचं धान्य निवडणं, दळणं, रांधणं धरत नाहीत. कुटुंबप्रमुख ‘ती घरीच असते’ म्हणाला आणि प्रगणकाने गोठ्याबद्दल, खुरपणीबद्दल वेगळं विचारलं नाही, तर ती बाई आकड्यातून गळते. स्त्रियांचा सहभाग, म्हणजे 15 वर्षांवरील स्त्रियांपैकी किती जणी श्रमशक्तीत आहेत ते प्रमाण, 2017-18 मधल्या 23.3 वरून 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला. यातल्या कामकरी स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्वयंरोजगारात आहेत आणि बिनपगारी मदतनीसही त्यातच येतात. म्हणून ही वाढ म्हणजे तितक्या नोकऱ्या, असं मला म्हणवत नाही.

उलट बाजूही पाहा. 100 प्रौढांपैकी 60 श्रमशक्तीत, त्यात 3 बेरोजगार: दर 5 टक्के. त्यातला एक जण कंटाळून कामाचा नाद सोडतो. आता 59 पैकी 2, म्हणजे 3.4 टक्के. नोकरी कोणालाच लागलेली नाही. म्हणून बेरोजगारीच्या दराआधी सहभागाचा दर वाचावा.