तुम्ही विचारलंत म्हणून : ठोके मागेपुढे पडतात, म्हणजे हृदय बिघडलंय का?

मी स्वायत्त मज्जासंस्थेच्या, म्हणजे ठोके आणि रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या नसांच्या, तपासण्या करते हे कळलं, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी मनगट पुढे करतं. "अहो, माझे ठोके कधी लवकर पडतात, कधी उशिरा. हृदय बिघडलंय का?" हल्ली मनगटावर स्मार्टवॉचही असतं, त्यामुळे भीतीला आकड्यांची जोड मिळते.

आधी नाडीवर बोटं ठेवा आणि संथ श्वास घ्या. श्वास घेताना ठोके जवळजवळ येतील, सोडताना लांबतील. हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्येच आलेखावर टिपलं होतं, आणि तो बिघाड नाही. हृदय मोकळं सोडलं तर मिनिटाला साधारण १०० वेळा धडधडेल. नाडी ७०च्या आसपास राहते ती व्हेगस नावाच्या नसेमुळे. तिच्या हातात लगाम असतो. श्वास आत घेताना सैल होतो, सोडताना आवळतो. प्रत्यारोपण करताना हृदयाच्या नसा कापल्या जातात, म्हणून अशा रुग्णाची नाडी निवांत बसल्यावरही ९०-१०० भरते.

आमच्याकडची माझी आवडती चाचणी अगदी साधी आहे. रुग्णाला निजवायचं, ईसीजीच्या वायरी लावायच्या. मी हात वर नेते तेव्हा पाच सेकंद श्वास आत, खाली आणते तेव्हा पाच सेकंद बाहेर. मिनिटात सहा श्वास. नाडीच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगात १५ किंवा त्याहून जास्त फरक निघाला तर झकास. १०च्या आत आला, तर मी हळूच विचारते, "शुगर किती वर्षांपासून आहे?" जुन्या मधुमेहात ही नस दुबळी होत जाते. (वयाबरोबरही फरक घटतो, तेही धरावं लागतं.)

१९८७ साली हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ८०८ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २४ तासांच्या नोंदीत ज्यांचे ठोके फारच एकसारखे निघाले, त्यांना मृत्यूचा धोका भरपूर चढउतार असणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त होता.

मात्र श्वासाशी काही ताळमेळच नसलेली, वेडीवाकडी नाडी लागली, तर पंगतीतल्या उत्तरावर विसंबू नका, ईसीजी काढा. ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, असू शकतं. त्यात तिथे गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली की लकवा.

आईची चाचणी मीच केली. तिच्या मधुमेहाला बावीस वर्षं झाली होती. फरक आला ३. ती चष्मा लावून ईसीजीची पट्टी बराच वेळ न्याहाळत होती. शाळेत तिने आयुष्यभर मुलांना रांगेत उभं केलेलं.

"बघ, एकेक ठोका कसा शिस्तीत पडलाय!"

"हो गं," मी म्हटलं, आणि ती उठायला लागली तसं दंड धरून तिला आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटं बसवलं.