दिवाळखोरी टाकायची म्हणतोय, पण पगार कुणाकुणाचा धरतात?

ऐरोलीत मी लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देतो, आणि रिटर्नच्या निमित्ताने लोक बाकीचंही सगळं बोलतात. हल्ली एक प्रश्न सारखा येतो. "दादा, ते बँकरप्सी टाकता येतं ना आपल्याकडे? पण बायको कमावते माझी, मग मला मिळेल का?" हा प्रश्न बहुतेक वेळा रील्सवरून आलेला असतो, आणि रील अमेरिकेतली असते, आणि अमेरिकेत हा प्रश्न अगदी बरोबर आहे. म्हणून आधी तिकडचं सांगतो.

तिकडे चॅप्टर सेव्हन नावाची वाट आहे, त्यात जी काय विकण्यासारखी मालमत्ता असेल ती द्यायची आणि क्रेडिट कार्ड, हॉस्पिटलची बिलं असली बरीचशी कर्जं एकदाची पुसली जातात. पण २००५ साली त्यांनी कायदा बदलला, कार्ड कंपन्या आणि बँकांची ओरड होती की चांगले कमावते लोक हात वर करून मोकळे होतात, म्हणून उत्पन्नाची चाळणी लावली. अर्ज करायच्या आधीचे पूर्ण सहा महिने घ्यायचे, त्यातल्या उत्पन्नाची सरासरी काढून वर्षाचा आकडा करायचा, आणि तुमच्या राज्यात तुमच्याएवढ्या माणसांच्या घराचं जे मधलं उत्पन्न आहे त्याच्याशी ताडून बघायचं. खाली आलात तर चाळणीतून सुटलात. वर आलात तर खर्च वजा करत बसा, आणि तरीही हातात बऱ्यापैकी पैसे उरत असतील तर चॅप्टर थर्टीन, म्हणजे तीन ते पाच वर्षं कोर्टाने मंजूर केलेले हप्ते.

आणि यात घर म्हणजे घर. नवरा एकटा अर्ज करतोय, बायकोवर एक डॉलर कर्ज नाही, तरी एका घरात राहतात म्हणून तिचा पगार आधी धरतात. मग ती स्वतःच्या वेगळ्या देण्यांवर जे घालते, घरात देत नाही, तेवढं वजा करून मिळतं. म्हाताऱ्यांची सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिकडची सरकारी पेन्शन, मात्र धरत नाहीत. गंमत त्या सहा महिन्यांची आहे. काल नोकरी गेली तरी कागदावर तुम्ही अजून कमावतेच, म्हणून वकील म्हणतात थांबा जरा दोन-तीन महिने, सरासरी खाली येऊ दे.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडे २०१६ चा दिवाळखोरीचा कायदा आहे, आयबीसी म्हणतात तो, कंपन्यांच्या बातम्यांमुळे सगळ्यांना माहितीये. त्याच्यात साध्या माणसासाठीही एक भाग आहे आणि त्यात "फ्रेश स्टार्ट" म्हणून गरीब कर्जदाराला कर्जातून सोडवायची सोय लिहिलेली आहे. अट वाचा. वर्षाचं एकूण उत्पन्न ६०,००० च्या वर नको, मालमत्ता २०,००० च्या वर नको, माफीत बसणारं कर्ज ३५,००० च्या वर नको, आणि स्वतःचं घर नको, कर्जावरचं असलं तरी नको. म्हणजे ठाण्याजवळ दिव्याला लोन काढून वन आरके घेतला असेल, अजून पंधरा वर्षांचे हप्ते बाकी असतील, तरी तुम्ही बाद.

उत्पन्न कुणाचं? तर कर्जदाराचं. घराचं नाही! बायको लाखभर कमावते का, मुलगा कामाला लागला का, हे त्या कलमात विचारलेलंच नाही. ऐकायला छान वाटतं, पण ६०,००० म्हणजे महिन्याला ५,००० झाले हो. घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये तीन-चार घरी पोळीभाजी करणारी बाईसुद्धा त्याच्या वर जाते, आणि ३५,००० तर एक फोन आणि एक पर्सनल लोन ॲपमध्ये संपतात. घर मोजायचं की माणूस, हा वाद घालायची वेळच येत नाही इथे.

आणि एवढं करून हा भाग सामान्य माणसासाठी अजून लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून लागू झालाय तो फक्त कंपनीच्या कर्जाला ज्यांनी पर्सनल गॅरंटी दिली त्यांच्यासाठी, तोही फ्रेश स्टार्ट सोडून. म्हणजे वागळे इस्टेटमधला वर्कशॉपवाला, प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि बँकेत गॅरंटर म्हणून सही असेल तर त्याला एनसीएलटीचं, म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी बघणाऱ्या न्यायाधिकरणाचं, दार आहे, शेजारच्या गाळ्यात तसंच काम करणारा प्रोप्रायटर असेल, म्हणजे कंपनी न काढता एकट्याच्या नावावर धंदा, तर त्याला नाही. पगारदाराला तर नाहीच.

मग काय आहे? जुनं आहे. मुलुंडचा चेकनाका ओलांडून मुंबईत गेलात तर १९०९ चा कायदा आणि हायकोर्ट, नाक्याच्या अलीकडे ठाण्यात राहत असाल तर १९२० चा कायदा आणि जिल्ह्याचं कोर्ट (खारघर-कामोठेवाल्यांनो, तुमचा जिल्हा रायगड, नवी मुंबई म्हणून ठाण्याला जाऊ नका). त्या १९२० च्या कायद्यात उत्पन्नाची मर्यादाच नाही. कर्ज फेडता येत नाही आणि कर्ज किमान ५०० रुपये आहे, एवढं पुरतं. हो, पाचशे. शंभर वर्षांपूर्वी मोठी रक्कम असेल, आज दोघांचं जेवण होतं तेवढ्यात.

उत्पन्न तिथे नंतर येतं. नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरलात की मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात, आणि सुटका मागायला गेलात की कोर्ट तुमच्या पुढच्या कमाईवर अट घालू शकतं. शिवाय बिनतारण देण्यापैकी रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर यात तुमचा दोष नव्हता हे पटवावं लागतं, नाहीतर बिनशर्त सुटका नाही. माझ्या ओळखीत कुणी या वाटेने गेलेलं मी पाहिलं नाही, लोक सेटलमेंटच करतात, म्हणजे बँकेशी कमी रकमेवर तडजोड.

खरा उपयोगी कायदा दुसराच आहे आणि त्याची रील कुणी बनवत नाही. बँकेने दावा जिंकला, हुकूमनामा मिळाला, तरी पगाराला हवा तसा हात घालता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० बघा. पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात. समजा जप्तीसाठी धरायचा पगार ४०,००० आहे, तर १,००० बाजूला, ३९,००० चे २६,००० बाजूला, म्हणजे २७,००० तुमचे आणि १३,००० पर्यंत जप्ती. तीही एका हुकूमनाम्यात एकूण २४ महिने झाले की थांबते. पीएफ, पीपीएफ, एलआयसीच्या पॉलिसीचे पैसे याला हात नाही. बायकोची सही नसेल तर तिच्या पगारालाही नाही. आणि फोनवर "उद्या उचलून नेतो" म्हणणाऱ्या वसुलीवाल्याला सांगा की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोनसुद्धा करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेनेच २०२२ मध्ये सांगितलंय.

पण सही. तिथेच गोम आहे. कर्ज देताना मात्र घर मोजतात! होम लोनची एलिजिबिलिटी बसत नाही म्हणून बायकोला को-ॲप्लिकंट करा, हे इथल्या प्रत्येक एजंटचं पहिलं वाक्य. बचत गटातल्या बायकांची मायक्रोफायनान्स कर्जं घ्या, २०२२ पासून नियमच आहे की घराचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत हवं आणि सगळे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर नकोत. घर म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, अशी व्याख्यासुद्धा दिलीये. म्हणजे मोजता येतं, मोजायची पद्धत आहे, फक्त ती पैसे देताना आहे.

मला विचाराल तर माफी देताना अमेरिकेसारखं घर मोजू नये. आपल्याकडे टू बीएचकेत दोन भाऊ, चूल एक, रेशनकार्ड दोन, आईची पेन्शन धाकट्याकडे, वहिनीचा पगार तिच्या माहेरच्या कर्जाला. यातलं कुठलं घर मोजणार? माणूसच मोजा, पण ६०,००० ची रेघ उचलून जरा माणसात आणा.

तोवर मी आलेल्याला एकच सांगतो, सगळी सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीची पत्रं, घेऊन ये आणि प्रत्येकावर कुणाच्या सह्या आहेत ते दाखव. परवा कळव्याचा एक मुलगा आला होता, तीन कर्जं. दोन त्याची एकट्याची, त्या दोन्ही ठिकाणी सेटलमेंटचं पत्र लिहिलं, सिबिलवर "सेटल्ड" लागणार हे त्याला आधीच सांगून. तिसऱ्याचा हप्ता मात्र पगार झाल्या दिवशी पहिला जातो, कारण तिथे बायकोची सही आहे.