आमची वाटचाल : अर्धवट खोक्यांतून उभ्या राहिलेल्या पलटणी

आमचा धंदा काय, असं कुणी विचारलं की माझा धाकटा भाऊ सरळ सांगतो, "बाहुल्या विकतो." ते अगदीच खोटं नाही. बोटाच्या दोन पेरांएवढे ऑर्क आणि गॉब्लिन (कल्पित कथांतले राक्षस), सांगाडे आणि झोंबी (चालती प्रेतं) यांचे पुतळे आम्ही विकत घेतो, निवडतो, रंगवतो, एकसारख्या बेसवर, म्हणजे पायाखालच्या तुकड्यावर, बसवतो आणि टेबलावर लढाया खेळणाऱ्यांना पलटणीच्या हिशोबाने देतो. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत हे सगळं चालतं. गिऱ्हाईक नागपुरात थोडं, पुणे-मुंबई-बंगळुरूला जास्त. कुरिअरवाल्याला वाटतं, आम्ही होमिओपॅथीच्या बाटल्या पाठवतो. इतकं जपून हातात देतो आम्ही.

फँटसी वॉरगेमिंगमध्ये, म्हणजे कल्पित जगातल्या या टेबलावरच्या लढायांत, एक शूर वीर रंगवून भागत नाही, फौज लागते. साठ-सत्तर पुतळे म्हणजे लहान फौज. परदेशी कंपन्यांचे खास या खेळासाठी केलेले पुतळे देखणे असतात, पण एकेक रांग भरता भरता खिसा रिकामा होतो. त्यात २०२० साली खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. कॉलेजातल्या पोराने काय करावं?

त्याचं उत्तर बोर्ड गेमच्या खोक्यात आहे, आणि आमचा धंदा उभा राहिला तो त्यातही अर्धवट खोक्यांवर. लॉकडाऊननंतर बोर्ड गेम कॅफे बंद पडू लागले, तेव्हा त्यांच्याकडे अशा खोक्यांचे ढीग होते : पत्ते हरवलेले, नकाशावर कॉफी सांडलेली, फाशांचा पत्ता नाही. खेळणाऱ्याच्या दृष्टीने ती रद्दी. पण पुतळे? ते जसेच्या तसे. कॅफेवाले आनंदाने किलोच्या भावात द्यायला तयार होते. आम्ही किलोपेक्षा थोडा बरा भाव दिला, म्हणून पुढच्या वेळी फोन आम्हालाच आला.

खोका उघडून मोजदाद करणं हा माझा आवडता भाग. हीरोक्वेस्ट हा १९८९ चा खेळ २०२१ मध्ये नव्याने बाजारात आला. त्याच्या एका खोक्यात आठ ऑर्क, सहा गॉब्लिन, चार सांगाडे, चार काळे योद्धे आणि इतर मंडळी असतात. ड्रॅगन रॅम्पंटसारख्या लढाईच्या नियमपुस्तकांत तुकडी बारा किंवा सहा पुतळ्यांची. म्हणजे दोन खोके जोडले की गॉब्लिनांची एक तुकडी बरोबर भरते आणि ऑर्कांची एक भरून चार उरतात. सांगाड्यांसाठी मात्र तीन खोके लागतात. झोंबीसाइड या बोर्ड गेमची ब्लॅक प्लेग ही मध्ययुगीन आवृत्ती तर मृतांच्या फौजेची खाणच आहे. एका खोक्यात साठाच्या वर झोंबी. त्यातल्या बऱ्याच जणांचे चेहरे एकसारखे, पण गर्दीत कोण कोणाचं तोंड बघतो? थोडे तिरके चिकटवले, कपड्यांना दोन-तीन छटा दिल्या की झालं.

हे सगळं जमतं ते नियमांमुळे. किंग्ज ऑफ वॉर या दुसऱ्या नियमपुस्तकात मार बसतो तो अख्ख्या तुकडीला, एकेक पुतळा उचलून बाजूला ठेवावा लागत नाही. त्यामुळे वीस माणसांची रेजिमेंट एकाच पाटावर कायमची चिकटवून टाकता येते. २० मिलिमीटरच्या बेसने पाच आडवे, चार उभे, म्हणजे १०० बाय ८० मिलिमीटरचा पाट. हा पाट हीच आमची खरी वस्तू आहे, असं माझं मत झालंय. पाच वेगवेगळ्या खोक्यांतले पुतळे घ्या, सगळ्यांच्या पायाखाली तीच माती, तेच सुकं गवत, बेसच्या कडेला तोच तपकिरी रंग द्या. ती फौज दिसते. महागडे पुतळे रंगीबेरंगी बेसवर उभे करा, ते जत्रेतल्या दुकानासारखे दिसतात. पाट आम्ही ३ मिलिमीटरच्या एमडीएफमधून (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीतून) कापून घेतो. हिंगणा एमआयडीसीतला आमचा लेझर कटिंगवाला एरवी ट्रॉफ्या आणि नेमप्लेट करतो. त्याच्या उरलेल्या तुकड्यांत आमचं काम निघतं.

सगळंच सगळ्यांत मिसळत नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. २००६ च्या बॅटललोअर या बोर्ड गेममधले पुतळे सुरेख आहेत, संख्याही भरपूर, पण अंगाने लहान. त्यांना नेहमीच्या २८ मिलिमीटर उंचीवाल्यांच्या रांगेत उभं केलं तर बापाच्या पंगतीत पोरं बसल्यासारखं वाटतं. त्यांची स्वतंत्र फौज करा, शोभून दिसते.

आता भाल्यांबद्दल. बोर्ड गेमचे बरेच पुतळे मऊ प्लास्टिकचे असतात. खोक्यात दाबून राहिले की भाले, तलवारी, कधी पायसुद्धा वाकतात. भावाने त्यासाठी चहाचं जुनं पातेलं घेतलंय. पाणी उकळलं की गॅस बंद, चिमट्याने पुतळा धरून अर्धा मिनिट आत. भाला शिजलेल्या शेवईसारखा लुळा होतो. मग बोटांनी सरळ करून तसाच धरून लगेच बर्फाच्या पाण्यात. घाई केली आणि गार व्हायच्या आधी सोडला, तर भाला परत आपल्या जुन्या वळणावर जातो. त्यानंतर भांड्याच्या साबणाने आणि टूथब्रशने आंघोळ, कारण साच्यातून काढताना लावलेलं तेलकट द्रव्य अंगावर असेल तर रंग धरत नाही. मऊ प्लास्टिकवर काही स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) दिवसेंदिवस चिकट राहतात, म्हणून अनोळखी खोक्यातला एक पुतळा आधी चाचणीला बळी देतो. शंका आली की ब्रशने लावायचा प्रायमर.

नागपूरचा उन्हाळा हा आमचा भागीदारच समजा, नफ्यात नसलेला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना दुपारी स्प्रे मारला तर रंग हवेतच सुकतो आणि पुतळ्यावर रव्यासारखा बसतो. म्हणून स्प्रेचं काम सकाळी सहाला, गच्चीवर. पावसाळ्यात उलट : दमट हवेत वार्निश पांढरं पडतं. कूलरच्या खोलीतही तेच, त्यामुळे वार्निशवाल्या दिवशी कूलर बंद आणि आम्ही घामाघूम. टिनाच्या छताखाली माल ठेवायचा नाही, हे तर सांगायलाच नको. सरळ केलेले भाले तिथे पुन्हा वाकतात.

रंगकामाला गती आली ती मूर्तिकारांच्या चितार ओळीमुळे. तिथले एक मूर्तिकार दादा गणपती-दुर्गेच्या हंगामात मान वर करत नाहीत, पण दिवाळीनंतर हात मोकळे असतात. म्हणून आमच्या मोठ्या ऑर्डरी दिवाळी ते होळी. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगत होतो की डोळ्यांत पांढरा, मग काळा ठिपका. त्यांनी पुतळा हातभर लांब धरला आणि म्हणाले, "काहून डोळे काढून राहिले भाऊ? टेबलावरून दिसते काय? डोयाच्या जागी सावली टाका, कपाळ अन् नाक उजळा, आपोआप पाहून राहिल्यासारखा वाटते." तेव्हापासून शिपायांना डोळे नाहीत, फक्त सरदारांना. एका रंगावर गडद वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, त्यावर कोरड्या ब्रशने फिकी छटा, एवढ्यावर वीसची तुकडी दोन बैठकांत उरकते. मूर्तीच्या दागिन्यांना लागणारा सोनेरी रंग ते ढालींना वापरतात. आयात रंगापेक्षा तो मला जास्त आवडतो.

काही जण पुतळ्यांची नक्कल करून रेझिनमध्ये ओतून द्या म्हणतात. ते आम्ही करत नाही. विकत घेतलेला पुतळा पुन्हा विकणं वेगळं आणि दुसऱ्याच्या शिल्पाचा साचा मारणं वेगळं. दर कमी करा म्हणणाऱ्यांना मात्र मी मनापासून सांगतो : न रंगवलेली पिशवी घ्या, पातेलं-साबण-फेविकॉल घरचं वापरा, सगळ्यात स्वस्त फौज तीच.

एक अडचण बरेच दिवस होती : घोडदळ. तळघरात फिरण्याचे खेळ असल्यामुळे या खोक्यांत घोडे जवळजवळ नसतातच. पायदळ कितीही, स्वार शून्य. तोड तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, बाजारात निघाली. त्यातले सगळ्यात लहान लाकडी बैल, चाकं काढून, शिंगांना जरा तासून, दोन-दोन जुंपले की ऑर्कांचा रथ ५० बाय १०० मिलिमीटरच्या बेसवर नीट बसतो. रथाचा साटा आइसक्रीमच्या काड्यांचा, हाकणारा ऑर्क हीरोक्वेस्टमधला, उरलेल्या चारांपैकी. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने असे सहा मागवले आणि विचारलं की हे बैल कोणत्या कंपनीचे. आम्ही त्याला पोळ्याची तारीख कळवली आहे. यंदा बैल आधीच सांगून ठेवलेत, बिनरंगी, कारण पोरांसाठी दिलेला तो चकचकीत ऑइलपेंट खरवडण्यात भावाची मागची अख्खी दिवाळी गेली.