कॅनबेरा आमचा जामीनदार

शनिवारी सकाळी साडेअकराला सनशाइन नॉर्थमधल्या एका विटांच्या घरासमोर आम्ही पंचवीस-तीस माणसं फुटपाथवर उभी होतो. घर घ्यायला आलेली त्यातली पाच-सहाच असतील, बाकी सगळे शेजारी. एक आजोबा घरातल्या सपाता घालूनच आले होते. एक बाई एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात कुत्र्याचा पट्टा धरून उभी होती. मेलबर्नमध्ये कुणाचं घर लिलावात निघालं की अख्खी गल्ली बघायला येते. माझ्या हातात फोन होता आणि फोनमध्ये बाबा. सांगलीत तेव्हा सकाळचे सहा वाजले होते, त्यांच्या मागे चहाचं पातेलं दिसत होतं.

बाबांना मुद्दाम उठवलं होतं, कारण त्यांची सगळी नोकरी सांगलीच्या मार्केट यार्डात गेली. अडत दुकानात दिवाणजी होते ते. हळदीचे सौदे, म्हणजे लिलावच, त्यांनी इतके पाहिलेत की समोरचा व्यापारी कुठे थांबणार हे त्यांना त्याच्या खांद्यावरून कळतं, असं ते स्वतःच सांगतात. इथे घरंसुद्धा सौद्यात विकतात म्हटल्यावर आमच्या घरात त्याचं आश्चर्य न वाटलेला माणूस तेवढा एकच.

"मालकाचा भाव किती हाय?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

"तो सांगत नाहीत, बाबा. जाहिरातीत साडेसहा लाख ते सात लाख पंधरा हजार डॉलर असं लिहिलंय."

"मग सात पंधराला देणार न्हाईत."

आम्हाला हे कळायला आधीचे तीन लिलाव घालवावे लागले होते. कायद्याप्रमाणे एजंटला अंदाजे किमतीचा पट्टा छापावा लागतो आणि त्याची वरची बाजू खालच्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असून चालत नाही. पण मालकाच्या मनातला किमान आकडा गुप्त असतो. मग कमी पट्टा दाखवून गर्दी जमवायची, हा इथला जुना खेळ. त्या गर्दीतले आमच्यासारखे बिचारे प्रत्येक घराच्या तपासणीवर पाचशे-सहाशे डॉलर घालतात आणि शनिवारी तोंड पाडून घरी येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या राज्याच्या, व्हिक्टोरियाच्या, सरकारने जाहीर केलं की किमान किंमत लिलावाच्या निदान सात दिवस आधी उघड करणं बंधनकारक करणार. तेव्हा कायदा अजून यायचा होता. बाबांचं मत, "यार्डातही असले नियम लई आले."

लिलाव पुकारणारा सुटाबुटात, हातात कागदाची गुंडाळी. आधी त्याने नियम वाचले. मग कुणीच तोंड उघडेना, म्हणून मालकाच्या वतीने त्यानेच साडेसहाची बोली लावली. अशी बोली मालकाची आहे हे त्याला मोठ्याने सांगावं लागतं. बाबांनी बजावलं होतं, पहिली बोली आपली नको. त्यामुळे माझा नवरा अमेय हात खिशात घालून उभा. सहा सत्तर, सहा पंच्याऐंशी, सात लाख. अमेयने सात पाचला हात वर केला. समोरच्या कोपऱ्यातल्या जोडप्याने सात दहा केले आणि आम्ही संपलो.

तिथेच संपलो ते का, हेच खरं सांगायचं आहे. कारण घरी सगळ्यांना वाटतंय की ऑस्ट्रेलियात सरकार आता पहिल्या घराला पैसे वाटतंय.

झालं असं. १ ऑक्टोबर २०२५ पासून कॅनबेरातल्या केंद्र सरकारने पहिल्या घराची हमी योजना सैल सोडली. पूर्वी त्यात उत्पन्नाची मर्यादा होती, वर्षाला ठरावीकच जागा होत्या. दोन्ही गेलं. आता पाच टक्के रक्कम हातात असेल तर बँक कर्ज देते. एरवी वीस टक्क्यांपेक्षा कमी भरलं की बँक स्वतःचा विमा काढते आणि त्याचा हप्ता आपल्याकडून वसूल करते. आमच्या कर्जावर तो सहज वीस हजार डॉलरच्या वर गेला असता. योजनेत तो लागत नाही, कारण घराच्या किमतीच्या पंधरा टक्क्यांपर्यंत सरकार बँकेला हमी देतं. मेलबर्न आणि जिलाँगमध्ये घराच्या किमतीची मर्यादा आठ लाखांवरून साडेनऊ लाख डॉलर झाली, सिडनीत नऊवरून पंधरा लाख. नागरिकत्व हवं असंही नाही, २०२३ च्या जुलैपासून कायम रहिवाशांनाही हे मिळतं. मंडळाच्या कोजागरीला दुधापेक्षा याचीच चर्चा जास्त होती. "आमचा वाकडचा फ्लॅट आहे, मग आम्हाला चालेल का?" असं निदान चौघांनी विचारलं. चालतं. ऑस्ट्रेलियात मालमत्ता नसली म्हणजे झालं. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता मात्र बँक विचारते आणि तेवढं कर्ज कमी देते.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे सरकार पैसे देतंय?"

"नाही. जामीन राहतंय."

फोनवर बराच वेळ शांतता. आमच्या घरात जामीन या शब्दाला इतिहास आहे. मी सातवीत असताना बाबा यार्डातल्या एका मित्राला पतसंस्थेत जामीन राहिले, मित्र गाव सोडून गेला आणि पुढची दोन वर्षं हप्ता बाबांच्या पगारातून कापला गेला. त्या दोन दिवाळ्यांना आमच्याकडे चकली झाली नाही. आई अजून त्या मित्राचं नाव घेत नाही, "तो चकलीवाला" म्हणते.

"किती लोकांना जामीन राहतंय?" बाबा म्हणाले.

"मागेल त्याला. पहिलं घर पाहिजे एवढंच."

"मग भाव वाढणार. सौद्यात सगळ्याच व्यापाऱ्यांना एकदम उधारी दिली तर हळद स्वस्त होते काय?"

इथले अर्थतज्ज्ञ दोन महिने वर्तमानपत्रांतून हेच सांगताहेत, जास्त पानं घेऊन. घरं तेवढीच, हात वर करणारे वाढले. २०२४ च्या जुलैपासून पाच वर्षांत बारा लाख घरं बांधायचं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे, पण आम्ही शनिवारी ज्या घरासमोर उभे होतो ते त्यातलं नव्हतं. ते सत्तरच्या दशकातलं होतं आणि न्हाणीघराला फिक्कट हिरव्या फरशा होत्या.

आता मुद्रांक शुल्क. ते केंद्र सरकार घेत नाही, राज्य घेतं, आणि राज्याची रेघ वेगळी आहे. व्हिक्टोरियात पहिलं घर सहा लाखांपर्यंत असेल तर मुद्रांक माफ. सहा ते साडेसात लाखांच्या मध्ये सवलत हळूहळू आटत जाते, साडेसातला संपते. केंद्र म्हणतं साडेनऊपर्यंत घ्या, राज्य म्हणतं साडेसातनंतर आम्ही ओळखत नाही. साडेनऊ लाखांच्या घराला पाच टक्के म्हणजे ४७,५०० डॉलर भरायचे आणि मुद्रांक ५२,०७०. अनामतीपेक्षा मुद्रांक जास्त! आणि मुद्रांकाला हमी नाही, त्याला रोकड लागते.

आमचे साठवलेले होते पासष्ट हजार. सहा वर्षांची बचत, त्यात अमेयच्या रात्रपाळ्या. एका रात्री स्वयंपाकघरात कागदावर मांडलं तेव्हा कळलं की ही आटणारी सवलत कशी चावते. सात लाखांच्या घराला मुद्रांक २४,७१३. सात लाख दहा हजारांच्या घराला २७,६२५. म्हणजे लिलावात दहा हजारांनी हात वर केला की मुद्रांकाचे जवळजवळ तीन हजार मागच्या दाराने निघून जातात, आणि त्या घाईत कुणाच्या डोक्यात हे नसतं. सात दहाला अनामत अधिक मुद्रांक मिळून त्रेसष्ट हजारांच्या वर. वकिलाची फी आणि सामानाचा ट्रक धरला की खिसा रिकामा. तो कागद अमेयच्या खिशात होता, म्हणून तो त्या जोडप्याच्या सात दहानंतर गप्प बसला. घर सात बासष्टला गेलं. पुकारणाऱ्याने गुंडाळी तळहातावर आपटली, आजोबांनी टाळ्या वाजवल्या, कुत्रं भुंकलं.

पुण्यात सात टक्के मुद्रांक भरणारे म्हणतील की रडताय कशाला. खरं आहे, आणि बाईच्या नावावर एक टक्का सवलतही तिकडे आहे. सासूबाईंनी तेच सुचवलं, "तुझ्या एकटीच्या नावावर घ्या." इथे ती सवलत नाही म्हटल्यावर त्यांना हा देश मागासलेला वाटला.

अजून दोन गोष्टी, कारण या आम्हाला कुणी सांगितल्या नाहीत. लिलावात घर मिळालं तर त्याच दिवशी साधारण दहा टक्के भरावे लागतात. योजना पाच टक्क्यांची असली तरी करारात दहा लिहिलेलं असतं, त्यामुळे एजंटशी आधी बोलून पाच करून घ्यायचं. आणि लिलावात मागे फिरायची सोय नाही. खासगी विक्रीत सही केल्यावर कामाचे तीन दिवस विचार बदलता येतो, कर्ज मंजूर झालं तरच घर घेऊ अशी अट घालता येते. लिलावात हातोडा पडला की घर तुमचं, बँकेने त्याची किंमत कमी लावली तरी तुमचंच.

५ डिसेंबर २०२५ ला आणखी एक योजना सुरू झाली. तीत सरकार स्वतः घरात भागीदार होतं, जुन्या घरात तीस टक्क्यांपर्यंत, नव्यात चाळीस. जोडप्याचं उत्पन्न एक लाख साठ हजारांच्या आत लागतं. आम्ही थोडक्यासाठी बाहेर. बाबांना ती अजिबात आवडली नव्हती, "भागीदारीपेक्षा जामीन बरा," म्हणजे बघा.

मेलबर्न त्यातल्या त्यात परवडतं हेही सांगायला हवं. ब्रिस्बेन, पर्थचे भाव गेल्या काही वर्षांत कुठल्या कुठे गेले. इथे २०२४ पासून गुंतवणूकदारांवरचा जमीनकर वाढला आणि बऱ्याच जणांनी भाड्याची घरं विकायला काढली. आमच्या आधीच्या घरमालकानेही काढलं. तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या होत्या, पण तशाच एका भाड्याच्या घरामुळे आमचं काम झालं.

सेंट ऑल्बन्समध्ये, तीन घरांच्या रांगेतलं मागचं. दोन खोल्या, एका गाडीची जागा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्याचं लिंबाचं झाड. लिलाव नाही, खासगी विक्री. सहा लाख अठ्ठावीस हजार. मुद्रांक ६,११३. आकडा बघून अमेयने कागद दोनदा तपासला. बागेला सुद्धा पैसे उरतील. सनशाइन नॉर्थच्या घरापेक्षा ते लहान आहे आणि मला ते हिरव्या फरशांचं न्हाणीघर अधूनमधून आठवतं. पण मागच्या वेळी आठवलं तेव्हा मी मुद्रांकाचा हिशेब केला आणि आठवण गेली.

बाबांना फोन केला.

"जागा किती?"

"दोनशे बारा चौरस मीटर."

ते तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "दोन गुंठे अन् वर थोडी." मग किंमत रुपयांत विचारली. साडेतीन कोटींच्या वर जाते म्हटलं. मागून आईचा आवाज आला की एवढ्या पैशात सांगलीच्या विश्रामबागेत सगळी गल्ली आली असती.

फेब्रुवारीत चावी मिळेल. मिळाल्यावर एका वर्षाच्या आत राहायला जायचं आणि सलग बारा महिने राहायचं, नाहीतर मुद्रांकाची सवलत परत घेतात. बाबांनी तिकिटाची चौकशी सुरू केली आहे. फोन ठेवताना विचारत होते, जामीनदाराला पेढे पाठवले का.